शिकारी कुत्र्याचे प्रशिक्षण व मालकाची जबाबदारी

पक्षी व ससा यांसारख्या लहान प्राण्यांच्या बंदुकीने केल्या जाणाऱ्या शिकारीत भक्ष्याचा शोध घेणे, ते लपणातून उठविणे आणि टिपलेले भक्ष्य शिकाऱ्याकडे आणून देणे ही कामे कुत्र्याकडून आज्ञेबरहुकूम व्हावीत, यासाठी त्याला दिल्या जाणाऱ्या पद्धतशीर शिक्षणास शिकारी कुत्र्याचे प्रशिक्षण म्हणतात. ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेची संयुक्त संस्थाने इ. देशांत हे काम करणारे व्यावसायिक प्रशिक्षक आहेत. मालक आपला कुत्रा काही महिने प्रशिक्षकाच्या श्वानगृहात ठेवतो, त्याबद्दल शुल्क देतो आणि ठरलेली मुदत संपल्यावर तो घरी नेतो. व्यवहाराच्या या स्वरूपामुळे प्रशिक्षित कुत्रा म्हणजे दुरुस्त करून आणलेल्या बंदुकीसारखी तयार वस्तू होय, असा समज पुष्कळ मालकांत आढळतो. हा समज चुकीचा असून चांगल्या रक्ताचे व चांगले शिकविलेले कुत्रे पहिल्या एक-दोन हंगामांतच निकामी ठरतात, त्याचे ते एक मुख्य कारण आहे. कुत्र्याला मिळते ते एका विशिष्ट माणसाच्या खुणांना विशिष्ट परिस्थितीत प्रतिसाद देण्याचे शिक्षण. ते दुसऱ्या माणसाच्या हाती आपोआप जात नाही. ते मालकाला मुद्दाम स्वीकारावे लागते आणि नंतर कुत्र्याच्या कार्यकाळात टिकवावे लागते. प्राथमिक प्रशिक्षण साधारणपणे तीन ते सहा महिन्यांचे असते, तर कुत्र्याचा उपयुक्त काळ आठ-दहा वर्षांचा असतो. जबाबदारी कोणाकडे अधिक जाते, हे या प्रमाणावरूनच लक्षात येते.

कामाचे स्वरूप : बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचे तीन प्रमुख गट आहेत. पॉइंटर व सेटर हे कुत्रे मोकळ्या माळावर वाऱ्यावरून येणाऱ्या वासाने दडलेला पक्षी हुडकतात आणि त्याच्या रोखाने निश्चल उभे राहून शिकाऱ्याला सूचना देतात. स्पॅनियल दाट झुडपांत शिरून पक्षी उठवितो. त्याने बंदुकीच्या टप्प्यातच फिरणे आवश्यक असते, कारण टप्प्याबाहेर उठलेला पक्षी शिकाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. रिट्रीव्हर शिकाऱ्याजवळ शांत बसून राहतो, पक्षी कोठे पडला हे लक्षात ठेवतो आणि आज्ञा होताच तो दातांनी न दुखावता उचलून आणतो. लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर हा याच गटातील असून त्याचे पूर्वज न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करीत. जर्मनीत पैदास केलेला आखूड केसांचा पॉइंटर यासारख्या काही जातींकडून ही तिन्ही कामे करून घेतली जातात.

यांपैकी वास घेणे, थबकणे, तोंडात धरून आणणे या प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडक पैदाशीतून आलेल्या असतात. त्या शिकवाव्या लागत नाहीत, किंबहुना शिकविता येत नाहीत. शिकवायचा असतो तो संयम. पक्षी फडफडून उठला, बंदुकीचा बार झाला, दुसरा कुत्रा धावला, तरी आज्ञेवाचून जागा सोडायची नाही, हा या विद्येतील सर्वांत अवघड धडा होय. तो कुत्र्याच्या स्वभावाच्या विरुद्ध जाणारा असल्याने सर्वांत आधी विसरला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कुत्रा आणि त्याला वापरणारा यांच्यातील संबंधाचा विचार जुना आहे. ग्रीक लेखक झेनोफन (इ. स. पू. सु. ४३०–३५४) याने शिकारीवरील आपल्या प्रबंधात तरुण मादीला आठव्या व नराला दहाव्या महिन्यात शिकारीस न्यावे, कुत्र्यांची नावे हाक मारण्यास सोपी म्हणून आखूड असावीत, अशा व्यवहारी सूचना दिल्या आहेत. कुत्र्यांना अन्न शिकाऱ्याने शक्यतो स्वतःच्या हाताने घालावे, असेही तो सांगतो. उपाशी राहण्याचा दोष कुणाचा हे कुत्र्याला कळत नाही, पण भूक लागली असता अन्न देणाऱ्यावर तो जीव लावतो, हे त्याने दिलेले कारण आजच्या प्राणिमानसशास्त्रज्ञालाही मान्य व्हावे. इ. स. दुसऱ्या शतकातील एरिअन याने झेनोफनच्या ग्रंथास पूरक असा प्रबंध लिहिला. त्यात हॉर्मी नावाच्या आपल्या कुत्रीचे त्याने केलेले वर्णन केवळ तिच्या वेगाचे नाही. ती घरात कोणाच्या मागे असते, कशाने हरखते, कशी बोलावते, हेही त्याने नोंदविले आहे.

ब्रिटनमध्ये बंदुकीच्या शिकारीचा प्रसार झाल्यावर मोठ्या जमीनदारांच्या पदरी शिकारी रानाची राखण करणारे नोकर असत आणि कुत्रे शिकविण्याचे व प्रत्यक्ष चालविण्याचे काम त्यांच्याकडे असे. मालक फक्त बंदूक चालवी. कुत्रा ज्याने शिकविला त्याच्याच हाती तो शेवटपर्यंत राहत असल्यामुळे हस्तांतराचा प्रश्नच उद्भवत नसे. या शिक्षणाला इंग्रजीत तेव्हा जो शब्द रूढ होता, त्याचा अर्थ ‘मोडणे’ असा होतो आणि चाबकाचा वापर पाहता तो अगदीच गैरलागू नव्हता. विल्यम नेल्सन हचिन्सन या सैनिकी अधिकाऱ्याचे कुत्र्यांच्या शिक्षणावरील पुस्तक १८४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात तोच शब्द असला, तरी आतील भर मात्र बक्षीस, हातांच्या खुणा आणि घरातल्या घरात दिल्या जाणाऱ्या लहान धड्यांवर आहे. पॉइंटर व सेटर यांची पहिली जाहीर क्षेत्रपरीक्षा १८६५ मध्ये बेडफर्डशर परगण्यातील साउथहिल येथे झाली आणि १८७३ मध्ये लंडन येथे केनेल क्लब स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या जमीनदाऱ्या आक्रसल्या. पदरी माणूस नसलेला, नोकरी-व्यवसाय सांभाळून सुटीच्या दिवशी शिकारीस जाणारा, एक-दोनच कुत्री बाळगणारा मालक पुढे आला. कुत्रा प्रशिक्षकाकडे ठेवून परत आणण्याची पद्धत मुख्यतः या वर्गाची आहे. शिकविणारा एक आणि चालविणारा दुसरा, ही फूट तिच्यातूनच पडली.

प्रशिक्षणापूर्वीचा काळ : प्रशिक्षकाकडे कुत्रा सामान्यतः सहा महिने ते एक वर्ष या वयात जातो. तोपर्यंतचे त्याचे आयुष्य मालकाच्या घरी गेलेले असते आणि या काळात झालेले नुकसान प्रशिक्षकाला पुष्कळदा भरून काढता येत नाही. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जे. पी. स्कॉट व जे. एल. फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले. त्याचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पिल्लाच्या वयाचा साधारणपणे तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजीकरणाचा निर्णायक काळ होय, असे त्यातून दिसून आले. याच प्रयोगशाळेत जी पिल्ले चौदा आठवड्यांपर्यंत मानवी सहवासावाचून वाढविली, ती पुढे माणसाला पाहून रानटी जनावराप्रमाणे बुजत राहिली. आवारात दोरीला बांधून ठेवलेले आणि ‘पुढे प्रशिक्षक बघून घेईल’ म्हणून कोणी हात न लावलेले पिल्लू बुद्धिमान असूनही माणसाकडे पाहण्यास शिकत नाही. याउलट घरातील मुलांनी दिवसभर चेंडू फेकून खेळविलेले, तोंडातील वस्तू हिसकावून घेतलेले पिल्लू आणलेला पक्षी देताना दात घट्ट आवळते. या दोन टोकांमधली वाट शोधणे हे मालकाचे पहिले काम होय.

बंदुकीच्या आवाजाची भीती हा सर्वांत घातक दोष असून तो बहुतांशी अशाच घाईतून निर्माण होतो. पिल्लू बाराला भिते की नाही, हे पाहण्यासाठी त्याच्या डोक्याजवळ बार काढणे ही परीक्षा नसून ती भीतीची लागण होय. पिल्लू खाण्यात किंवा पक्ष्याच्या मागे गुंतलेले असताना दुरून हलका आवाज करावा आणि अनेक दिवसांत अंतर थोडे थोडे कमी करावे, ही योग्य पद्धत आहे. एकदा बसलेली भीती काढण्यास महिने लागतात व पुष्कळदा ती जात नाही.

लस टोचणे व जंतनाशके देणे यांबरोबरच पिल्लाच्या मातापित्यांची तपासणी झाली आहे की नाही, हे विकत घेतानाच पाहणे इष्ट असते. हिप डिसप्लेझिया हा खुब्याच्या सांध्याचा दोष रिट्रीव्हर जातींत बराच आढळतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेली प्राण्यांच्या अस्थिविकारांविषयीची संस्था क्ष-किरण चित्रांवरून खुब्यांचे प्रमाणपत्र देते, पण त्यासाठी कुत्र्याचे वय किमान चोवीस महिने असावे लागते. म्हणजे पिल्लाविषयी जे काही कळू शकते, ते त्याच्या मातापित्यांवरूनच. दोन वर्षांच्या शिक्षणानंतर कुत्रा लंगडू लागला, तर शुल्क, श्रम आणि काळ तिन्ही वाया जातात.

प्रशिक्षणाचा काळ : कुत्रा प्रशिक्षकाच्या ताब्यात असताना आपले काम फक्त पैसे पाठविण्याचे, असे मानणारा मालक सर्वांत मोठी संधी गमावतो. चांगले प्रशिक्षक पहिले काही आठवडे मालकाला येऊ देत नाहीत. कुत्र्याला नव्या जागी रुळण्यास तेवढा अवधी हवा असतो. मात्र त्यानंतर ठराविक दिवसांनी येऊन अर्धा दिवस थांबावे, प्रथम पाहावे, मग शिटी व दोरी स्वतःच्या हाती घ्यावी, असा त्यांचा आग्रह असतो. या भेटींत प्रशिक्षक जितका कुत्र्याला शिकवितो, त्याहून अधिक मालकाला शिकवितो. कुत्रा मंद आहे, एका विषयात मागे पडतो आहे किंवा या कामाला मुळातच लायक नाही, असे प्रशिक्षकाने स्पष्ट सांगितले, तर ते ऐकून घेण्याची तयारी हाही मालकाच्या बांधिलकीचा भाग होय. सगळेच कुत्रे उत्तीर्ण होत नाहीत. हंगामाची तारीख गाठण्यासाठी प्रशिक्षकावर दडपण आणणारे मालक मात्र पुष्कळ असतात आणि अशा घाईने शिकविलेला कुत्रा पहिल्याच गर्दीच्या दिवशी उघडा पडतो.

हस्तांतर : रशियन शरीरक्रियाविज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांनी अभिसंधित प्रतिक्षेपाचे जे प्रयोग केले, ते कुत्र्यांवरच. खूण आणि तिचे फळ यांची वारंवार सांगड घातली म्हणजे प्रतिसाद पक्का होतो, फळ मिळेनासे झाले की तो हळूहळू मावळतो आणि काही काळाने तो अकस्मात पुन्हा प्रकटही होतो, हे त्यांनी दाखविले. शिकारी कुत्र्याच्या मालकाला यापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे कुत्रा ‘खूण’ म्हणून जे ग्रहण करतो, त्यात उच्चारलेल्या शब्दाखेरीज बरेच काही असते. प्रशिक्षकाचा आवाज, त्याचे उभे राहणे, खांद्याची हालचाल, तो विशिष्ट माळ, सकाळची वेळ, इतकेच नव्हे तर गाडीचे दार उघडण्याची पद्धतही त्यात समाविष्ट होते. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लागू करणे कुत्र्याला माणसाइतके सहज जमत नाही. म्हणूनच प्रशिक्षकाच्या माळावर निर्दोष काम करणारा कुत्रा मालकाच्या अंगणात साधे ‘बस’ ऐकत नाही. त्यावर ‘याला काहीच शिकविले नाही’ अशी तक्रार होते. वस्तुतः कुत्र्याच्या दृष्टीने तो प्रश्नच वेगळा असतो.

यावर उपाय साधा, पण कष्टाचा आहे. प्रत्येक आज्ञा नव्या जागी व नव्या माणसाकडून पुन्हा पहिल्यापासून, लहान अंतरावर व दोरी लावून म्हणवून घ्यावी लागते. दुसऱ्यांदा हे शिक्षण फार लवकर होते, परंतु ते टाळता येत नाही. शब्द तेच हवेत. प्रशिक्षकाने एक शब्द वापरला आणि घरी बापाने दुसरा, मुलाने तिसरा वापरला, तर कुत्रा तिन्हींकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. शिटीच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. ब्रिटिश पद्धतीत एक लांब शिटी म्हणजे थांबणे व आखूड शिट्यांची मालिका म्हणजे परत येणे, असा संकेत आहे. बर्मिंगहॅम येथील हडसन कंपनीच्या ॲक्मी शिट्यांना क्रमांक असतात आणि एका क्रमांकाच्या सर्व शिट्यांचा स्वर एकच असतो. शिटी हरवली तर त्याच क्रमांकाची दुसरी घेता यावी, हा त्यातील हेतू. कुत्रा परत नेताना प्रशिक्षकाच्या शिटीचा क्रमांक विचारून घेणारा मालक पुढे बऱ्याच मनस्तापातून वाचतो.

पहिल्या हंगामात मालकाने स्वतः बंदूक हाती घेऊ नये, असा अनेक अनुभवी प्रशिक्षकांचा सल्ला असतो. तो क्वचितच मानला जातो, कारण कुत्रा घेतलेला असतो तोच मुळी शिकारीसाठी. पण बंदूक हाती असलेल्या माणसाचे डोळे पक्ष्यावर असतात, कुत्र्यावर नसतात. पक्षी उठताच कुत्रा दोन पावले पुढे सरकतो. मालक पक्षी टिपतो, कुत्रा धावत जाऊन तो उचलतो आणि सर्व मंडळी खूष होतात. कुत्र्याच्या लेखी मात्र न विचारता धावल्याचे हे सर्वांत मोठे बक्षीस असते. पुढच्या वेळी तो चार पावले सरकतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने पडलेली सवय नेहमी मिळणाऱ्या बक्षिसाच्या सवयीपेक्षा मोडण्यास कठीण असते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. यास्तव नऊ वेळा रागावून दहाव्या वेळी सोडून देणारा मालक दोष घालवीत नाही, उलट तो पक्का करतो. पुढे सरकलेला कुत्रा उचलून मूळ जागी आणून बसविणे आणि त्यासाठी हातचा पक्षी सोडून देणे, हे ज्याला जमते त्याचाच कुत्रा तिसऱ्या हंगामात कामाचा राहतो. हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. उठलेल्या पक्ष्यामागे उडी घेणारा कुत्रा खाली झुकलेल्या बंदुकीच्या समोर येतो आणि छर्ऱ्यांनी जखमी किंवा ठार होतो.

हंगामाबाहेरील सांभाळ : शिकारीचा हंगाम वर्षातून काही महिनेच असतो. उरलेले महिने श्वानगृहात पडून राहिलेला व वजन वाढलेला कुत्रा पहिल्या दिवशी एकदम आठ तास पळविला, तर त्याचे शरीर ते सोसत नाही. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८° ते ३९·२° से. असते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाने घाम येत नसल्यामुळे उष्णता मुख्यतः धापण्यावाटेच बाहेर टाकावी लागते. श्रमाने तापमान ४१° से. च्या वर गेल्यास प्राण धोक्यात येतात. कामाची ओढ असलेला कुत्रा आपण होऊन थांबत नाही, ते मालकानेच ओळखावे लागते. हंगामाआधी सहा-आठ आठवड्यांपासून क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम, श्रमानुसार आहार, पायांच्या तळव्यांची व कानांची रोजची तपासणी यांना पर्याय नाही. आज्ञांची उजळणी रोज दहा-पंधरा मिनिटे झाली तरी पुरते. महिन्यातून एकदा केलेल्या तीन तासांच्या तालमीचा मात्र फारसा उपयोग होत नाही.

दुरून सौम्य विद्युत् धक्का देणाऱ्या पट्ट्याने ही सारी कसर भरून काढता येईल, असा मोह मालकाला पडतो. अमेरिकेत व्यावसायिक प्रशिक्षक हे साधन वापरतात, परंतु आधीच कळलेल्या आज्ञेची केवळ आठवण देण्यासाठीच ते वापरावे, असा त्यांच्यातील जाणकारांचा दंडक आहे. आज्ञाच न कळलेल्या कुत्र्याला धक्का बसला, तर त्या क्षणी समोर जे असेल त्याची, मग तो पक्षी असो, पाणी असो की मालक, त्याला भीती बसते. वेल्समध्ये २०१० पासून अशा पट्ट्यांच्या वापरास कायद्याने बंदी आहे.

मालकाला बांधून घेणाऱ्या व्यवस्था : काही देशांतील संघटनांनी मालकाचा सहभाग परीक्षापद्धतीतच गोवला आहे. जर्मनीत शिकारी कुत्र्यांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा महासंघ १८९९ मध्ये स्थापन झाला. तेथे तरुण कुत्र्याची वसंत ऋतूत, त्यानंतर शरद ऋतूत आणि पूर्ण तयारीच्या कुत्र्याची दोन दिवसांची उच्च परीक्षा असा क्रम आहे. घटक राज्यांच्या शिकारविषयक कायद्यांनुसार जखमी जनावराचा माग काढणे यासारख्या कामांसाठी सक्षम कुत्रा असणे बंधनकारक आहे. त्यामुळे कुत्रा ही तेथे हौसेची नव्हे, तर शिकाऱ्याच्या कर्तव्याची बाब मानली जाते. अमेरिका व कॅनडा येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली बहुगुणी शिकारी कुत्र्यांची संघटना सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांची उपजत गुणांची परीक्षा घेते. कुत्र्यांबरोबरच त्यांच्या चालकांसाठीही ती वर्ग चालविते.

याच्या उलट टोकाचे चित्र स्पेनमध्ये दिसते. तेथे सशांमागे सोडल्या जाणाऱ्या गाल्गो जातीच्या अनेक कुत्र्यांना हिवाळी हंगाम संपताच टाकून दिले जाते आणि प्राणिसंरक्षक संस्थांना दरवर्षी त्यांची सोय पाहावी लागते. स्पेनने २०२३ मध्ये केलेल्या प्राणिकल्याण कायद्यातून शिकारी कुत्रे वगळण्यात आले. जो कुत्रा केवळ साधन म्हणून घेतला जातो, त्याचे साधनमूल्य संपल्यावर काय होते, याचे हे उदाहरण बोलके आहे.

भारत : भारतात कारवान व मुधोळ या लांब पायांच्या, नजरेने भक्ष्य टिपून पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांची दख्खनमध्ये जुनी परंपरा आहे. वास काढणाऱ्या व बंदुकीबरोबर चालणाऱ्या कुत्र्यांहून त्यांचे काम व शिक्षण भिन्न असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे परवाना घेऊन हौसेने शिकार करण्याची तरतूद उरली नाही. त्यामुळे पॉइंटर, स्पॅनियल व रिट्रीव्हर हे येथे मुख्यतः घरगुती पाळीव प्राणी म्हणून राहिले आहेत. मात्र लॅब्रॅडॉरची हुडकण्याची व आणून देण्याची उपजत ओढ स्फोटके व अमली पदार्थ शोधण्याच्या कामी पोलीस व सैन्यदले वापरून घेतात. ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र असून ते १९७० मध्ये स्थापन झाले. अशा केंद्रांत कुत्रा एकटा शिकविला जात नाही. ज्या जवानाने तो पुढे चालवायचा असतो, तोही त्याच्याबरोबर अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि दोघे एकत्रच नेमणुकीच्या ठिकाणी रुजू होतात. चालकाची बदली किंवा निवृत्ती झाल्यास नव्या चालकाला कुत्र्याच्या सहवासात काही काळ घालवून त्याच आज्ञा त्याच क्रमाने पुन्हा घ्याव्या लागतात.